भिंतींवरच्या पाट्या वाचत ग्योटिंगेन

जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहराच्या जुन्या भागात चालताना नजर दुकानांच्या काचांवर न ठेवता पहिल्या-दुसऱ्या मजल्यांच्या भिंतींवर ठेवावी लागते. तेथे लहान लहान पांढऱ्या संगमरवरी पाट्या बसवलेल्या आहेत. पाटीवर आडनाव, बहुधा व्यवसाय आणि ती व्यक्ती त्या घरात कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत राहिली एवढेच कोरलेले असते. स्तुतीचा एक शब्दही नसतो. ही प्रथा १८७४ साली सुरू झाली आणि आज अशा पाट्यांची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. हयात व्यक्तीच्या नावाची पाटी लावली जात नाही. एकाच गल्लीत गणिती, कवी, वनस्पतिशास्त्रज्ञ, कायदेपंडित आणि पुढे जर्मनीचा चॅन्सेलर झालेला एखादा विद्यार्थी एकमेकांचे शेजारी होऊन बसतात. सव्वा लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात उत्तुंग राजवाडा नाही की डोळे दिपवणारे कॅथेड्रल नाही. माझ्या मते या पाट्या हीच या शहराची खरी प्रेक्षणीय स्थळे आहेत.

पण पाटी एक गोष्ट सांगत नाही. ती व्यक्ती शहरातून का गेली, याचा उल्लेख तिच्यावर नसतो. काही जण अधिक चांगली नोकरी मिळाली म्हणून गेले, काही जण येथेच वारले आणि काहींना घालवून दिले गेले. घालवून देण्याचे मोठे प्रसंग दोन, १८३७ सालचा आणि १९३३ सालचा. या दोन सालांमधला फरक लक्षात घेतल्याशिवाय ग्योटिंगेन समजत नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून या लेखात इमारतींपेक्षा त्या दोन सालांना मी जास्त जागा देणार आहे. शिवाय पुण्यात संस्कृत शिकलेल्या माझ्यासारख्या व्यक्तीला या शहराशी जोडणारा एक तिसरा धागाही आहे, तो शेवटी येईल.

शहर विद्यापीठापेक्षा कितीतरी जुने आहे. सम्राट पहिल्या ओटोच्या ९५३ सालच्या एका दस्तऐवजात येथल्या खेड्याचा ‘गुटिंगी’ असा उल्लेख येतो. लाइने नदीच्या काठी वाढलेले हे गाव मध्ययुगात कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झाले आणि १३५१ साली उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या हान्झा संघात सामील झाले. त्या वैभवाची साक्ष म्हणजे बाजारचौकातले जुने नगरभवन. त्याचे बांधकाम तेराव्या शतकात सुरू झाले आणि पंधराव्या शतकापर्यंत त्यात भर पडत राहिली. आतल्या दालनाच्या भिंतींवरची चित्रे आणि हान्झा शहरांची राजचिन्हे मात्र एकोणिसाव्या शतकातली आहेत. पाहणारा ती मध्ययुगीन समजून हरखून जातो, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. खाली तळघरातल्या उपाहारगृहाच्या दारावर एक लॅटिन ओळ आहे. ग्योटिंगेनच्या बाहेर जीवन नाही आणि असलेच तरी ते असे नाही, असा तिचा भावार्थ.

नगरभवनासमोर गेन्झेलीझल नावाचे कारंजे आहे. बदके राखणाऱ्या मुलीचा हा छोटासा कांस्यपुतळा १९०१ साली बसवला गेला. तिच्यावर लोखंडी वेलबुट्टीचे छत्र आहे. नव्याने दाखल झालेले विद्यार्थी कारंज्यावर चढून या मुलीच्या गालाचे चुंबन घेऊ लागले, तो गोंधळ वाढला, तेव्हा १९२६ साली नगरपालिकेने त्यावर बंदी घातली. एका विद्यार्थ्याने बंदीविरुद्ध थेट न्यायालयात धाव घेतली आणि तो हरला. प्रथा मात्र मेली नाही, तिचे मानकरी बदलले. आता हा मान डॉक्टरेट मिळवणाऱ्यांचा आहे. तोंडी परीक्षा संपली की मित्रमंडळी उमेदवाराला सजवलेल्या हातगाडीत बसवून चौकात आणतात. डोक्यावर घरी बनवलेली पुठ्ठ्याची टोपी असते आणि तिच्यावर त्याच्या प्रबंधाशी संबंधित वस्तू चिकटवलेल्या असतात: कुणाच्या टोपीवर परीक्षानळ्या, कुणाच्या टोपीवर कापडाची मधमाशी. मग तो किंवा ती कारंज्याच्या कठड्यावरून वर चढते, मुलीच्या हातात फुलांचा गुच्छ अडकवते आणि गालावर ओठ टेकवते. खाली आईवडील फोटो काढत असतात. शुक्रवारी दुपारी चौकात थांबले तर हे दृश्य हमखास दिसते. आजचा पुतळा ही प्रतिकृती आहे. मूळ पुतळा शहराच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

याच चौकाच्या आग्नेय कोपऱ्यात फरसबंदीत एक खूण आहे. तिच्यावर उभे राहून चार दिशांना पाहिले की जुन्या गावातली चार चर्च दिसतात. त्यांतल्या सेंट योहानिसचे दोन मनोरे एकमेकांसारखे नाहीत आणि या मनोऱ्यांवरून एकेकाळी राखणदार शहरावर नजर ठेवीत असे. सेंट याकोबीचा मनोरा सर्वांत उंच, ७२ मीटरचा. त्याच्या आतले खांब लाल, निळ्या, पांढऱ्या भौमितिक आकृत्यांनी असे रंगवलेले आहेत की सपाट दगडाला घड्या पडल्याचा भास होतो. वेळ थोडा असेल तर चारांपैकी हेच एक आतून पाहावे. तेथली उघडमीट करता येणारी वेदी १४०२ सालची आहे. लाकडी चौकटींच्या घरांमध्ये बार्फ्यूसर रस्त्यावरचे युंकर्नशेंके हे पंधराव्या शतकातले घर त्याच्या कोरीव, रंगीत आकृत्यांमुळे नजरेत भरते.

गावाभोवतीच्या तटबंदीचा मातीचा बांध अजून बराचसा शाबूत आहे. त्यावर झाडे लावलेली असून त्यावरून जवळजवळ सबंध जुन्या गावाला पायी फेरी मारता येते. याच फेरीत दक्षिणेकडे एक बुटका गोल बुरूज लागतो. ओटो फोन बिस्मार्क सतराव्या वर्षी, १८३२ मध्ये, येथे कायदा शिकायला आला. त्याच्या दंग्यांमुळे शहरात राहणे अवघड झाले आणि १८३३ मध्ये काही काळ तो या बुरुजात राहिला. पुढे जर्मनीचे एकीकरण करणाऱ्या या गृहस्थाचे नाव विद्यापीठाच्या शिक्षांच्या नोंदीतही आहे.

आता विद्यापीठाकडे वळते. हानोफरचा संस्थानाधिपती गेओर्ग आउगुस्ट हाच इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज. त्याच्या नावाने हे विद्यापीठ निघाले, पण त्यामागचे डोके होते हानोफरचा मंत्री ग्येरलाख आडोल्फ फोन म्युन्शहाउझेन याचे. १७३४ साली व्याख्याने सुरू झाली आणि १७३७ साली विधिवत उद्घाटन झाले. युरोपात याहून कितीतरी जुनी विद्यापीठे होती, मग हे इतक्या लवकर पुढे कसे आले? दोन निर्णयांमुळे. पहिला असा की, इतर विद्याशाखांच्या लेखनावर देखरेख ठेवण्याचा धर्मशास्त्र शाखेचा परंपरागत अधिकार येथे काढून घेतला गेला, त्यामुळे प्राध्यापक काय छापतो यावर धर्मशास्त्र्यांचा पहारा उरला नाही. दुसरा निर्णय ग्रंथालयाचा. त्या काळी बहुतेक ग्रंथालये पुस्तके साखळदंडात नसली तरी कुलुपात ठेवीत. येथे पुस्तके वापरण्यासाठी खरेदी केली जात आणि विद्यार्थ्यांना घरी नेता येत. १७६३ पासून जवळजवळ पन्नास वर्षे ग्रीक-लॅटिनचा प्राध्यापक क्रिस्टियान गोटलोब हाइने याने हे ग्रंथालय सांभाळले आणि लंडन-पॅरिसपासून पीटर्सबर्गपर्यंतची नवी पुस्तके शिस्तीने मागवून ते जर्मनीतल्या अग्रगण्य ग्रंथालयांमध्ये नेऊन बसवले.

हे ग्रंथालय ज्या वास्तूत वाढले ती पाउलिनर चर्चची वास्तू जरूर पाहावी. चौदाव्या शतकात डॉमिनिकन साधूंनी बांधलेले हे चर्च धर्मसुधारणेनंतर शाळा झाले, नंतर विद्यापीठाचे उद्घाटन त्यात झाले आणि पुढे पुस्तकांनी ते व्यापून टाकले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्याची हानी झाली. आज दुरुस्त होऊन ते प्रदर्शनांचे दालन झाले आहे. ग्रंथालयाच्या संग्रहात गुटेनबर्गच्या बायबलची कातड्यावर छापलेली संपूर्ण प्रत आहे. अशा संपूर्ण प्रती जगात अगदी मोजक्याच उरल्या आहेत.

कार्ल फ्रीडरिश गाउस १७९५ साली येथे विद्यार्थी म्हणून आला, १८०७ साली वेधशाळेचा संचालक होऊन परतला आणि १८५५ साली मरेपर्यंत त्याने हे शहर सोडले नाही. जुन्या तटाबाहेरची त्याची वेधशाळा आजही उभी आहे. १८३३ साली गाउस आणि तरुण भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांनी गावातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून वेधशाळेपर्यंत सुमारे एक किलोमीटर तार ओढली. मधला आधार म्हणून ती सेंट योहानिसच्या मनोऱ्यावरून नेली होती. तिच्यातून विद्युत्प्रवाह पाठवून चुंबकसुईच्या डाव्या-उजव्या हालचालींवरून ते संदेश वाचत. १८४५ साली वीज पडून ती तार नष्ट झाली. तटाच्या बांधाजवळच्या बागेत या दोघांचे स्मारक आहे: गाउस बसलेला, वेबर शेजारी उभा. युरो येण्यापूर्वीच्या जर्मन दहा मार्कांच्या नोटेवर गाउस होता आणि त्याच्यामागे ग्योटिंगेनच्या ऐतिहासिक इमारती होत्या.

या स्मारकातली दोघांची जवळीक पाहताना १८३७ साल आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया आली. हानोफरच्या वारसाहक्कात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी मिळत नसे, म्हणून शतकाहून अधिक काळ एका राजाखाली असलेली ही दोन राज्ये वेगळी झाली आणि हानोफरची गादी व्हिक्टोरियाचा काका एर्न्स्ट आउगुस्ट याच्याकडे गेली. सप्टेंबरात विद्यापीठाने आपली शताब्दी थाटात साजरी केली, विल्हेल्म चौकातल्या नव्या सभागृहाच्या इमारतीचे उद्घाटन झाले. पुढच्या दोनच महिन्यांत, १ नोव्हेंबरला, नव्या राजाने १८३३ सालची राज्यघटना रद्द केली. सर्व प्राध्यापकांनी त्या घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेली होती.

इतिहासकार डालमान याने निषेधाचा मसुदा लिहिला. घेतलेली शपथ राजाच्या एका फर्मानाने आपोआप मोडत नाही, असा त्याचा साधा मुद्दा होता. सही करणारे सात जण निघाले: डालमान, कायदेपंडित आल्ब्रेख्ट, याकोब ग्रिम आणि विल्हेल्म ग्रिम हे लोककथांसाठी जगप्रसिद्ध झालेले भाऊ, साहित्येतिहासकार गेर्व्हिनुस, प्राच्यविद्येचा प्राध्यापक एवाल्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर. विद्यार्थ्यांनी रात्रभर बसून निषेधपत्राच्या प्रती हाताने उतरवल्या आणि त्या जर्मनीभर पसरल्या. डिसेंबरात सातही जणांना बडतर्फ करण्यात आले. डालमान, याकोब ग्रिम आणि गेर्व्हिनुस या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. विद्यार्थ्यांचा जमाव त्यांना निरोप देण्यासाठी सरहद्दीपलीकडच्या हेसन राज्यातल्या गावापर्यंत गेला.

गाउसची सही त्या पत्रावर नाही. तो साठ वर्षांचा होता, राजकारणापासून दूर राहणे हा त्याचा जन्माचा स्वभाव होता आणि त्याने मौन पाळले. किंमत मात्र त्यालाही मोजावी लागली. वेबर त्याचा सर्वांत जवळचा सहकारी होता, तर एवाल्ड त्याचा जावई. एवाल्ड नोकरीसाठी ट्युबिंगेनला गेला, त्याच्याबरोबर गाउसची लाडकी मुलगी मिन्ना गेली आणि १८४० साली ती तिकडेच वारली. मला गाउसला दोष द्यावासा वाटत नाही. पण सात जणांचे मोल कळायचे असेल, तर सही न करणारा माणूस किती मोठा होता, हेही पाहायला हवे.

आज शहराला या सातांचा सार्थ अभिमान आहे. विद्यापीठाच्या मध्यवर्ती प्रांगणाला त्यांचे नाव आहे. रेल्वे स्थानकासमोर २०१५ साली उभारलेले स्मारक मला सर्वांत आवडते. हानोफरच्या स्थानकासमोर एर्न्स्ट आउगुस्ट राजाचा घोड्यावर बसलेला भव्य पुतळा आहे आणि ‘राष्ट्रपित्यास, त्याच्या निष्ठावंत प्रजेकडून’ अशा आशयाचा लेख त्याच्या चौथऱ्यावर आहे. क्रिस्टियाने म्योबुस या शिल्पकर्तीने त्याच चौथऱ्याची प्रतिकृती ग्योटिंगेनला उभी केली. वर राजा नाही, घोडाही नाही. लेखात निष्ठावंत प्रजेच्या जागी ‘त्याचे ग्योटिंगेनचे सात’ हे शब्द आहेत. गाडीतून उतरणारा प्रवासी आधी त्या रिकाम्या चौथऱ्याकडे पाहून गोंधळतो, मग जवळ जाऊन नावे वाचतो.

विल्हेल्म चौकातल्या त्या शताब्दीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कार्त्सर, म्हणजे विद्यार्थ्यांची कोठडी आहे. विद्यापीठाला स्वतःचे न्यायासन होते. रस्त्यात आरडाओरडा, पहारेकऱ्याला शिवीगाळ, द्वंद्वयुद्ध अशा गुन्ह्यांसाठी काही दिवसांची कैद होई. भिंती आणि लाकडी दारे यांवर कैद्यांनी रंगवलेली चित्रे, आपापल्या विद्यार्थी संघटनांची चिन्हे, टोप्यांचे रंग, काळ्या रंगात भरलेल्या चेहऱ्यांच्या बाह्याकृती आणि तारखा एकावर एक दाटलेल्या आहेत. दाराजवळ वाकून पाहिले तर एकाच्या नाकाच्या रेषेवरून दुसऱ्याचे नाव गेलेले दिसते.

स्त्रियांचा या विद्यापीठातला इतिहास याच्या अगदी उलट आहे. त्यांना आतच येऊ दिले जात नव्हते. १७८७ साली, पन्नासाव्या वर्धापनाच्या निमित्ताने, डोरोटेआ श्ल्योत्सर या सतरा वर्षांच्या मुलीला तत्त्वज्ञान शाखेची डॉक्टरेट मिळाली. ती पदवी मिळवणारी जर्मनीतली ती पहिली स्त्री. तिची परीक्षा घरगुती बैठकीत झाली, पण अविवाहित मुलगी म्हणून पाउलिनर चर्चमधल्या समारंभाला तिला बसता आले नाही. शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून तिने तो पाहिला, असे सांगतात. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९१५ साली, येथले गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी एमी नोएथर या गणितज्ञ स्त्रीला येथे बोलावले. तत्त्वज्ञान शाखेतल्या प्राध्यापकांनी स्त्रीला अध्यापनाचा अधिकार द्यायला विरोध केला, म्हणून कित्येक सत्रे तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत. निसर्गनियमांतली सममिती आणि अक्षय्यतेचे नियम यांना जोडणारा तिचा सिद्धान्त १९१८ सालचा. अध्यापनाचा अधिकार तिला मिळाला १९१९ साली. ज्या प्रमेयावर आजचे भौतिकशास्त्र उभे आहे, ते मांडणाऱ्या बाईला त्या वेळी वर्गावर स्वतःचे नाव लावता येत नव्हते, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी मन शांत राहत नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ग्योटिंगेन हे गणित आणि भौतिकशास्त्र यांचे जगाचे केंद्र होते, हे विधान अतिशयोक्तीचे नाही. १९२५ साली माक्स बोर्न, वेर्नर हायझेनबर्ग आणि पास्कुआल योर्डान यांनी येथे पुंजयांत्रिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) पहिली सुसंगत मांडणी केली. रॉबर्ट ओपेनहायमरने बोर्नच्या मार्गदर्शनाखाली १९२७ साली येथे डॉक्टरेट मिळवली, मारिया ग्योपर्ट हिने १९३० साली. तिला पुढे १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या रॉकफेलर निधीतून बांधलेली गणितसंस्थेची प्रशस्त इमारत १९२९ साली उघडली. रिखार्ड कूरांट तिचा प्रमुख होता. इमारत नवी, माणसे ऐन भरात. हे सारे पुढे चार वर्षे टिकले.

७ एप्रिल १९३३ रोजी नाझी सरकारने ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा केला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्यात सवलत होती, म्हणून नोबेल विजेता भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक याची नोकरी सुरक्षित होती. १७ एप्रिलला त्याने आपण होऊन राजीनामा दिला आणि त्याचे कारण वर्तमानपत्रातून जाहीर केले. त्याच्या पाठीशी उभे राहून कुणी राजीनामा दिला नाही. उलट आठवडाभरात विद्यापीठातल्या ४२ अध्यापकांनी सह्या करून त्याचे कृत्य देशघातकी असल्याचे पत्रक काढले. २५ एप्रिलला बोर्न, कूरांट आणि नोएथर यांच्यासह सहा जणांना दूर करण्यात आले. १० मे रोजी सेंट आल्बानी चर्चजवळच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. शरद ऋतूत गणिती हेर्मान वाइल अमेरिकेला गेला. गणिताचा ज्यू प्राध्यापक एडमुंड लान्डाऊ वर्ग घ्यायला आला तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याच्या व्याख्यानावर बहिष्कार घातला. नोएथर अमेरिकेत गेली आणि १९३५ साली तिकडेच वारली. त्याच वर्षी सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून माक्स बोर्न बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आला आणि काही महिने राहून १९३६ साली एडिनबरोला गेला.

१८३७ मध्ये सात जणांनी नोकरी पणाला लावून सही केली होती. १९३३ मध्ये ज्यांच्या नोकऱ्या मुळीच धोक्यात नव्हत्या, त्यांतल्या ४२ जणांनी सही केली ती एकट्या पडलेल्या माणसाविरुद्ध. शंभर वर्षांच्या आत त्याच विद्यापीठात हे घडले. म्हणून सातांच्या अभिमानाची भाषणे ऐकताना मला ते ४२ जण आठवतात आणि फ्रांकचे नाव त्या सातांच्या यादीत आठवे म्हणून घ्यावे असे वाटते. शहराने पुढे काही प्रमाणात भरपाई करण्याचा प्रयत्न केला. १९५३ साली, पहिल्या उल्लेखाला हजार वर्षे झाली तेव्हा, बोर्न, फ्रांक आणि कूरांट या तिघांना सन्माननीय नागरिकत्व दिले गेले आणि त्यांनी ते स्वीकारले. फ्रांक १९६४ साली ग्योटिंगेनच्या भेटीवर असतानाच वारला. १९३८ साली जाळलेल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, जागी आता स्मारक आहे: पोलादी नळ्यांची वर निमुळती होत जाणारी रचना, जिच्या आत उभे राहून वर पाहिले की षट्कोनी तारा दिसतो.

बोर्नची कबर शहराच्या पश्चिमेकडच्या श्टाटफ्रीडहोफ या दफनभूमीत आहे. माक्स प्लांक, ओटो हान, माक्स फोन लाउए, नेर्न्स्ट यांच्यासह आठ नोबेल विजेते तेथे विसावले आहेत. बोर्नच्या दगडावर पुंजयांत्रिकीचे मूळ समीकरण कोरलेले आहे, प्लांकच्या दगडावर त्याचा स्थिरांक, तर हिल्बर्टच्या दगडावर ‘आपल्याला जाणलेच पाहिजे, आपण जाणूच’ या अर्थाचे त्याचे वाक्य. पर्यटक सहसा इकडे फिरकत नाहीत. ज्याने विज्ञान शिकले आहे त्याने अर्धा दिवस राखून ठेवून जावे.

आता पुण्याचा धागा. सात प्राध्यापकांतला एवाल्ड हा हिब्रूचा मोठा पंडित होता, आणि तो ग्योटिंगेनमध्ये संस्कृतही शिकवीत असे. पण येथल्या संस्कृताध्ययनाला खरा पाया दिला तो थेओडोर बेन्फाय याने. जवळच्याच गावात ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या विद्वानाला कित्येक वर्षे नियमित वेतनाशिवाय शिकवावे लागले, पूर्ण प्राध्यापकपद त्याला १८६२ साली मिळाले. त्याआधीच, १८५९ मध्ये, त्याने पंचतंत्राचे जर्मन भाषांतर आणि भारतातून या कथा अरबी-फारसीमार्गे युरोपात कशा पोहोचल्या याचा प्रचंड अभ्यास प्रसिद्ध केला होता. ग्योटिंगेनमध्ये शिकलेले तीन तरुण मुंबई इलाख्यात आले. मार्टिन हौग १८५९ साली पुण्याच्या कॉलेजात, गेओर्ग ब्यूलर १८६३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ साली हौगच्या जागी पुण्यात.

ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी शुद्ध, टीपांसह छापलेल्या संहिता मिळाव्यात हा तिचा हेतू होता, आणि तिच्या पहिल्या ग्रंथांत या दोघांनी वाटून घेऊन संपादलेले पंचतंत्र आहे. गुरूने युरोपात ज्या ग्रंथाचा प्रवास शोधला, तोच शिष्यांनी पुण्या-मुंबईच्या वर्गांसाठी छापला. कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात १८८१ पर्यंत होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, कोशकार वामन शिवराम आपटे हे सारे त्या काळातले तेथले विद्यार्थी. कीलहॉर्नने मात्र स्वतःही येथे विद्यार्थी होण्यात कमीपणा मानला नाही. पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून त्याने पाणिनीय व्याकरण परंपरेच्या रीतीने समजून घेतले, नागेशभट्टाच्या परिभाषेन्दुशेखर या व्याकरणग्रंथाचे संपादन आणि भाषांतर केले, आणि मग पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्याला हात घातला.

१८८१ साली बेन्फाय वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी ग्योटिंगेनमध्ये कीलहॉर्नची नेमणूक झाली. महाभाष्याचा पहिला खंड तो पुण्यात असताना, १८८० साली निघाला होता. शेवटचा खंड १८८५ साली तो ग्योटिंगेनला असताना निघाला. त्याच १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. पुढे कीलहॉर्न कोरीव लेखांकडे वळला. लेखांतल्या तिथी-वार गणिताने पडताळून त्याने कलचुरी शकाचा आरंभ निश्चित केला आणि भारतातल्या कोरीव लेखांच्या त्याने केलेल्या याद्या आजही इतिहासाच्या अभ्यासकाला उघडाव्या लागतात. १९०८ साली तो ग्योटिंगेनमध्ये वारला. त्याच्यामागून हेर्मान ओल्डेनबर्ग त्या पदावर आला.

आम्ही महाभाष्य वाचायला बसलो तेव्हा समोर कीलहॉर्नचीच संहिता होती. पान आणि ओळ यांचा संदर्भ आजही जगभर त्याच्याच आवृत्तीचा दिला जातो. ती आवृत्ती दुर्मीळ झाल्यावर काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी तिचे तीनही खंड पुन्हा तपासले, टीपा आणि संदर्भ वाढवले, आणि १९६२ पासून पुढच्या दशकभरात ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केले. याच अभ्यंकरांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी महाभाष्याचे मराठी भाषांतर केले आहे. ज्यांना संस्कृत थोडेच येते, त्यांनी वासुदेवशास्त्र्यांचे पहिले आह्निक, म्हणजे महाभाष्याचा पहिला पाठ, आधी वाचावे आणि मग कीलहॉर्नचे पान उघडावे.